डाव्या दाराचा स्पीकर

जानराव इंगोल्यांच्या गाडीचा स्पीकर फाटला, याचं त्यांना फार वाईट वाटलं असं काही म्हणता येणार नाही. उलट जरा बरंच वाटलं. शकुनबाई जाऊन दुसरी दिवाळी येत होती, मुलगी रागिणी पुण्याला, आणि अमरावतीच्या त्या घरात फ्रीज सोडला तर कोणी आवाज करत नव्हतं. अशा माणसाला गाडी दुरुस्तीला न्यायची म्हणजे लग्नाला जाण्यासारखंच. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि वलगाव रोडवर अब्दुल रहीमच्या दुकानापुढे गाडी उभी केली. 'फरफर करते' ही दोन शब्दांची तक्रार सांगायला त्यांनी दोन चहांइतका वेळ घेतला.

गंमत अशी की हाच माणूस बायको जिवंत असताना घरात शब्दाला महाग होता. बाहेर कापसावर बोलायला लागला तर समोरच्याची बस चुकायची. घरात शिरला की 'हं' आणि 'वाढ', संपलं. आता ऐकणारी गेल्यावर याला वाचा फुटली होती, आणि त्याचा ताप भाजीवाल्याला, गॅसवाल्याला नि त्या दिवशी अब्दुल रहीमला झाला.

रहीमचं मात्र तसं काही म्हणणं नव्हतं. गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवण्यात त्याची उमर गेली होती आणि गिऱ्हाइकाशी गप्पा हा तो धंद्याचाच भाग समजत असे. त्याने गाडीत बसून बटणं फिरवली, मग वाकून डाव्या सीटखाली हात घातला आणि खूश झाला.

"साहेब, याच्यात तं कंपनीचा ॲम्प्लिफायर हाये. कोनाची गाडी ही?"

"नागपूरच्या एका डॉक्टरची होती. मी सेकंडहँड घेतली."

"शौकीन आदमी दिसते. आता असं करू, हा डबा काढून फेकू. नवा ॲम्प टाकू, नवे स्पीकर टाकू. दार हादरलं पाह्यजे."

"डब्ब्याले हात लावाचा नाई," जानराव म्हणाले. "स्पीकर बदला. तो राहू द्या."

"जुना झाला तो."

"मी बी झालो."

रहीम हसला, पण त्याला ते पटलं नाही. कंपनीचा ॲम्प्लिफायर आणि कंपनीचे स्पीकर ही ठरवून लावलेली जोडी असते, बाजारातला कोणताही स्पीकर त्या ॲम्पला जोडला तर आवाज दबतो, एखादा चुकीचा लागला तर ॲम्पच बसतो, असं त्याने समजावलं. म्हणाला, जुन्या बैलासंगं गोऱ्हा जुंपल्यासारखं होते. जानराव हलले नाहीत. शेवटी रहीमने डब्यावरचे आकडे पाहून घेतले आणि त्याच मापाचे स्पीकर अकोल्याहून मागवतो, परवा या, असं सांगितलं. परवा पुन्हा यायचं म्हटल्यावर जानरावांना मनातून आनंद झाला.

ॲम्प्लिफायर का ठेवायचा, हे त्यांनी रहीमला सांगितलं नाही. सांगण्यासारखं कारणच नव्हतं ते. तो डबा शकुनबाईंच्या सीटखाली होता. थंडीच्या दिवसांत त्या चप्पल काढून पाय मागे सीटखाली सरकवायच्या आणि म्हणायच्या, "इथं चांगलं कोमट राह्यते. पायाले बरं वाटते." नवऱ्याच्या गाडीबद्दल त्यांनी काढलेला चांगला शब्द तेवढा एकच. तो डबा काढून भंगारात टाकायचा, हे जानरावांच्या हातून होणार नव्हतं.

जानराव कापसाचे ग्रेडर. सरकारी खरेदी होती तोवर सरकारचे, आणि ती बसल्यावर खासगी जिनिंगवाल्यांचे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे. शेतकऱ्याच्या गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मुठीत कापूस घ्यायचा, दोन चिमटीत धागा ओढायचा आणि एका शब्दात प्रत सांगायची. त्या एका शब्दावर समोर उभ्या असलेल्या माणसाचं वर्ष ठरायचं. ते दिवस वाईट होते. पेपरच्या पहिल्या पानावर रोज फास घेतलेल्या कोणा शेतकऱ्याच्या गावाचं नाव असे, आणि ते गाव बहुतेक जानरावांच्या ओळखीचं निघे. लोक त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी माप कधी मारलं नाही, पण भाव पाडणारा हात लोकांना त्यांचाच दिसायचा.

रागिणीचं लग्न झालं आणि घर सुनं पडलं, तेव्हा हंगामात ते शकुनबाईंना सोबत घेऊन जाऊ लागले. चांदूर रेल्वे, दर्यापूर, अकोट, तेल्हारा. जिनिंगमध्ये बाईमाणसाला बसायला जागा नाही, म्हणून त्या गाडीतच बसायच्या. "दहा मिनिटांत येतो," म्हणून जानराव आत जायचे ते उन्हं कलल्यावर बाहेर यायचे. पहिल्याच वर्षी तेल्हाऱ्याच्या जिनिंगपुढे शकुनबाईंनी गाडीतला रेडिओ लावला होता. जानराव गेटातून परत आले आणि काचेतून वाकून म्हणाले, "बंद कर ते. लोकाच्या घरी सुतक अन् आपल्या गाडीत गाणे?" त्यांनी बंद केला. त्यात जानरावांचं काही चुकलं असं त्या वेळी कोणी म्हटलं नसतं. बाहेर गाड्यांची रांग लागलेली होती आणि रांगेतले चेहरे पाहण्यासारखे नव्हते.

रस्त्यावर मात्र रेडिओ त्यांचा. त्यावर बाजारभाव आणि बातम्या, दुसरं काही नाही. कंपनीचा ॲम्प्लिफायर आणि त्यावर सरकी-ढेपेचे भाव. गाढवाला गुळाची चव काय! शकुनबाईंनी एकदा कपाळ धरून म्हटलं, "मायं डोकं दुखते. तुमच्याइकडेच ठेवा जी आवाज." तेव्हापासून जानरावांनी बटण फिरवून सगळा आवाज उजव्या दारात, आपल्या बाजूला घेतला. ते बटण मग कधी हललं नाही. बायकोसाठी आपण आयुष्यात काय केलं, असा विचार मनात आला की इतर काही आठवत नसे, हे बटण तेवढं आठवायचं, आणि त्यावर ते बऱ्यापैकी समाधानी होते.

परवाच्या दिवशी ते दुकान उघडायच्या आधीच हजर झाले. रहीमने बॉनेट उघडलं आणि पाना हातात घेऊन विचारलं, "बॅटरीची वायर काढू ना? नाई काढली तरी चालते, संभाळून करतो मी. काढली तं रेडिओची मेमरी उडून जाईन. स्टेशनं बिशनं लावून ठेवले असन तं गेले समजा."

"काढा काढा. डब्ब्याले झटका नाई लागला पाह्यजे," जानराव म्हणाले. "माया रेडिओत काय हाये? एकच स्टेशन. ते मले पाठ हाये."

रहीमने वायर काढली. रेडिओवरचा आकडा विझला.

उजव्या दाराचा स्पीकर निघाला तो धुळीने आणि पावसाच्या पाण्याने फाटलेला. त्यात नवल नव्हतं. जानराव बाराही महिने काच खाली ठेवून गाडी चालवत. मग रहीम डाव्या दाराकडे वळला.

"तो राहू द्या," जानराव म्हणाले. "तो कोराच हाये. कधी वाजलाच नाई."

"जोडीनं बदलावं लागते साहेब. नाई तं एक कान रडते, एक हासते." त्याने दाराचा पत्रा सैल केला, जाळी काढली आणि थांबला. जाळीच्या मागे कापूस कोंबलेला होता. त्याने तो ओढून बाहेर काढला, चांगला मूठभर निघाला. "कोन भरला हा? आवाज फाटाले लागला का लोक कापूस कोंबते, फरफर दबते म्हनून."

"मी नाई भरला."

रहीमने स्पीकर काढून नाकाशी नेला, कागदी पडद्यावर बोटं ठेवून दाबून पाहिलं. आतून खर्र आवाज आला. "हा तं उजव्याहून खराब हाये. उजवा पान्यानं मेला, हा वाजून वाजून मेला. कॉइल जळली याची. घ्या, वास घ्या."

"कसा जळन? सगळा आवाज तं मायाइकडे राह्यते. कितीक वर्षांपासून ते बटण तसंच हाये."

"न वाजवता जळत नाई साहेब."

जानरावांनी वास घेतला. जळकाच होता. ते उगीचच म्हणाले, "डॉक्टरनं जाळला असन. मायाआधी."

"मंग कापूस डॉक्टरनं भरला का?" रहीम आपल्याच नादात होता. त्याने सीटखालच्या डब्यावर तळहात ठेवला. "एक सांगा, हा डबा गरम होते का कधी?"

"होते. थंडीत पायाले बरं वाटे तिले."

"धीम्या आवाजात हा बिलकुल थंड राह्यते. बातम्यावर नाई तापत हा. मोठ्यानं, बराच वेळ वाजवा, तवा कुठं कोमट होते."

जानराव स्टुलावर बसले. रहीमने विचारलं, पाणी देऊ का. त्यांनी मान हलवली आणि हात पुढे केला, तो पाण्यासाठी नव्हता. रहीमला कळायला जरा वेळ लागला. मग त्याने तो कापूस त्यांच्या हातात ठेवला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मन कुठे का असेना, हातांनी आपलं काम सुरू केलं. त्यांनी चिमूट घेतली, धागा ओढला, दोन बोटांत तपासला, उजेडाकडे धरला. धागा लांब होता, पण त्यावर पिवळट डाग होते. बोंड फुटल्यावर पाऊस लागलेला कापूस. असा माल ऐन वेचणीत पाऊस झाला त्या वर्षी आला होता, आणि इतक्या लांब धाग्याचा डागी माल त्यांनी एकाच फाटकावर परत लावला होता. तेल्हारा. त्या हंगामात त्यांना तिथे रोज भांडणं करावी लागली होती. रोज संध्याकाळ व्हायची. आणि शकुन बाहेर गाडीत होती.

म्हणजे ती वाजवत होती. नवरा गेटाआड गेला की बटण फिरवून आवाज आपल्या दाराकडे घेत होती आणि तो यायच्या आत परत उजवीकडे करून ठेवत होती. सीटखाली पाय घालून ती 'कोमट राह्यते' म्हणाली तेव्हा डबा तिनेच तापवलेला होता. कापसाच्या ढिगात हात घालून आतली ओल सांगणारा हा माणूस, आणि शेजारच्या सीटवर काय चाललंय याचा त्याला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

जानरावांना पहिल्यांदा राग आला, फसवलं म्हणून. तो राग दुकानाच्या पायरीपर्यंतही टिकला नाही. मग त्यांना एकच गोष्ट हवीशी झाली, आणि ती फार हवीशी झाली. ती काय ऐकत होती?

"रहीमभाई, वायर जोडा. रेडिओ लावा. त्यात तिनं स्टेशन लावून ठेवलं असन. ते बटणं असते ना, एक, दोन, तीन..."

रहीम बॉनेटकडे गेला. त्याने वायर जोडली, रेडिओ लावला, आणि एकेक बटण दाबून दाखवलं. सगळीकडे तोच पहिला आकडा, कंपनीतून आल्यासारखा. त्यात कोणाचंच काही उरलं नव्हतं.

"मी विचारलं होतं साहेब," तो हळू आवाजात म्हणाला.

"हो. तुमी विचारलं होतं."

नवे स्पीकर बसले. रहीमने डाव्या-उजव्याचं बटण मधोमध आणलं आणि गाणं लावलं. जुन्या डब्याशी नव्या स्पीकरची जोडी चांगली जमली होती, आवाज भरून आला. रहीमने कौतुकाच्या अपेक्षेने पाहिलं. जानराव रिकाम्या डाव्या सीटकडे पाहत होते. त्यांनी पैसे दिले, 'झकास झालं' म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच गप्पा न मारता निघाले.

घर डावीकडे होतं. ते सरळ गेले. दर्यापूर आलं, अकोट आलं. वाटेत रेडिओला त्यांनी हात लावला नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बायका डोक्यावर पदर घेऊन वाकलेल्या होत्या. रागिणीचा फोन आला, तो त्यांनी उचलला नाही. काय सांगणार होते तिला? तुझी आई गाणी ऐकायची, एवढंच. ते कदाचित तिला माहीत असेल, ही भीती सगळ्यात मोठी होती.

तेल्हाऱ्याचं जिनिंग बंद पडून काही वर्षं झाली होती. गेटाला साखळी, आत कमरेएवढं गवत. पण गेटासमोरच्या कडुनिंबाखाली मैनाबाईची चहाची टपरी तशीच होती, आणि मैनाबाईही, फक्त दात कमी झालेले. पूर्वी गाडीवाल्यांना ती चहा पाजायची, आता रस्त्यावरून जाणाऱ्यांना. जानरावांनी गाडी जुन्या जागी लावली, कडुनिंबाकडे डावं दार करून. वर्षानुवर्षं ती तिथेच लागायची.

"ग्रेडरसाहेब ना जी?" मैनाबाईने डोळ्यांवर हात धरला. मग तिने डाव्या काचेतून आत पाहिलं. "वयनी नाई आल्या?"

"वारली ते. आता दुसरी दिवाळी येऊन राह्यली."

मैनाबाई मटकन खाली बसली. बराच वेळ तिने चहाच्या भांड्याकडे पाहिलं नाही, चहा उतू गेला. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मले कोनी सांगतलं बी नाई. कोन सांगन म्हना."

जानरावांनी विचारलं. कसं विचारावं हे न कळल्यामुळे सरळच विचारलं. "ते गाडीत काय आयके, मैनाबाई?"

मैनाबाई घाबरली. "तुमाले कसं मालूम? मी नाई हो सांगतलं कोनाले. वयनीनं शपथ घातली होती."

"मले मालूम झालं. काय आयके ते सांग."

"गाने. दुपारचे फर्माइशीचे गाने लागत ना, ते. तुमी आत गेले का वयनी काच खाली करे अन् मले हाक मारे. मी इथं दाराले टेकून बसो. पर तुमाले खरं सांगू का, वयनीचं ध्यान गान्यात कमी. गान्याच्या आंधी ते नावं वाचते ना, कोन्या गावच्या कोनी फर्माइश केली ते, ते आयकाले आवडे. अमुक गावचे अमुक, त्याईचे लेकरं, त्याईची मावशी. म्हने, मैना, पाय किती लोक हायेत." तिने उतू गेलेलं भांडं पुसलं. "मंग तो भोंगा फाटला. म्या जिनिंगच्या भिताडाले पडेल कापूस उचलून देल्ला, वयनीनं दारात कोंबला. मी म्हनो, इतका मोठा काऊन लावता जी, फाटन नाई तं काय होईन. तं म्हने, घरी चूप अन् गाडीत चूप, कान गंजून जाईन माया."

जानराव टपरीच्या बाकड्यावर बसले होते. त्यांना सांगायचं होतं की आता मी बोलतो, कोणाशीही बोलतो, पाऊण अमरावती मला टाळते इतकं बोलतो. मैनाबाईला ते सांगून काय उपयोग होता?

"अन् मी आलो का?"

"तुमची टोपी दुरून दिसे गेटातून. टोपी दिसली का वयनी झटकन बंद करे, बटन फिरवे, काच वर घे. मी हासो. तेई हासे. मंग तुमी दार उघडा, तवा तोंड पाहा तं कसं, जशी काई झोपून उठली."

चहा झाला. जानरावांनी तो प्यायला की नाही हे त्यांना पुढे आठवलं नाही. दुपार होती, तीच वेळ. ते उठून गाडीत बसले, चावी फिरवली, आणि बटण फिरवून सगळा आवाज डाव्या दाराकडे नेला. मग ते एकेक स्टेशन शोधू लागले. खरखर, भाषण, खताची जाहिरात, पुन्हा खरखर. आणि मग एक बाई नावं वाचत होती. कुठल्या गावचे कोण, त्यांची मुलं, त्यांचे काका. तेच स्टेशन होतं की नाही कोण जाणे. नावं मात्र पुष्कळ होती.

त्यांनी डावी काच खाली केली. मैनाबाई कडुनिंबाखाली उभी होती, पदर मुठीत धरून, पण जवळ येईना. जानरावांनी हाताने बोलावलं, तरी येईना. साहेब गाडीत असताना ती कधी त्या दाराशी आलीच नव्हती. आवाज थोडा वाढवला, तशी तिने मान खाली घातली.

मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी आवाज आणखी मोठा केला, दार उघडलं आणि खाली उतरले. "दहा मिनिटांत येतो," ते म्हणाले. मैनाबाईला म्हणाले की डाव्या सीटला, हे त्यांचं त्यांनाच माहीत. आणि बंद जिनिंगच्या गेटाकडे चालू लागले.

मागे गाणं सुरू झालं. थोड्या वेळाने बांगड्या दाराला लागल्याचा आवाज झाला, मैनाबाई टेकून बसली असावी. जानराव साखळीला हात लावून गवताकडे तोंड करून उभे राहिले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, पाहायला तिकडे कोणी नव्हतं. मागे वळून पाहावं असं फार वाटत होतं. पण आपली टोपी दिसली की बंद होतं, हे त्यांना आता माहीत झालं होतं. त्यांनी टोपी काढून खिशात घातली आणि उन्हं कलेस्तोवर ते तिथेच उभे राहिले.